हाक आणि होकार यांच्या मधलं काम

"हे देवाकडून आहे की माझ्याच मनातून?" ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही चर्चमध्ये उपासनेनंतर चहाचा कप हातात घेऊन थोडा वेळ उभं राहा, हा प्रश्न कानावर येतोच. विचारणारे नाना तऱ्हेचे. ऐरोलीची आयटीतली नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावं का, अशा विचारात पडलेला तरुण. सिस्टरांचं काम जवळून पाहून 'आपणही?' असं मनात आलेली बारावीची मुलगी. घोडबंदर रोडचा फ्लॅट विकून गावी शाळा काढू म्हणणारं जोडपं. पाळकसाहेबांनी संडे स्कूल सांभाळायला विचारलंय आणि हो म्हणायची हिंमत होत नाही, अशी एखादी गृहिणी. या सगळ्यांना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : "प्रार्थना करा."

उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. किती वेळ करायची, त्यात कशाकडे लक्ष द्यायचं, काय लिहून ठेवायचं, कोणाला दाखवायचं आणि निर्णय कधी घ्यायचा नाही, हे कोणी सांगत नाही. हाक ऐकू येणं आणि होकार देणं यांच्या मध्ये पारख करण्याचं एक संथ काम असतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच गाळलं जातं. माझं तर मत असं की, ज्यांना काहीच ऐकू येत नाही त्यांच्यापेक्षा, काहीतरी ऐकू आल्याबरोबर धावत सुटणाऱ्यांचं नुकसान जास्त होतं.

बायबलमधल्या शमुवेलाची गोष्ट आपल्याला संडे स्कूलपासून पाठ असते, म्हणूनच तिचे बारकावे निसटतात. १ शमुवेल ३ पुन्हा सावकाश वाचा. पोराला पहिलीच हाक स्पष्ट ऐकू आली होती. चूक झाली ती हाक मारणारा ओळखण्यात, कारण आवाज एलीचाच वाटला. तीनदा तो एलीकडे धावला. एली अनुभवी याजक, पण त्यालाही पहिल्या दोन वेळा उमगलं नाही. उमगलं तेव्हा त्याने हाकेचा अर्थ सांगायचा मोह टाळला. 'जा, परत पड आणि पुन्हा हाक आली तर म्हण : बोल, तुझा दास ऐकत आहे', एवढंच सांगून त्याला पाठवलं. मग निरोप आला तो एलीच्याच घराण्याविरुद्ध. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला, उठला आणि रोजच्यासारखी परमेश्वराच्या घराची दारं उघडली. हाक परत परत येते, ओळखायला दुसरं माणूस लागतं, त्या माणसाने स्वतःचं घोडं पुढे दामटायचं नसतं, निरोप सोयीचा असेलच असं नाही, आणि दारं उघडायचं काम त्या सकाळीही करावंच लागतं.

आधी प्रश्न नीट मांडा

काही बाबतींत देवाची इच्छा शोधत बसण्याचं कारणच नसतं. भावाशी धरलेला अबोला सोडावा का, घरकामाच्या ताईंचा पगार वेळेवर द्यावा का, ऑफिसात खोटी बिलं लावावीत का, यांची उत्तरं आधीच दिलेली आहेत. अशा ठिकाणी "मी प्रार्थना करतोय" म्हणणं म्हणजे चालढकल.

दुसऱ्या टोकाला, एकदा होऊन गेलेल्या आणि न बदलणाऱ्या गोष्टी. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. निवड कशी करावी यावर त्याच्याइतका कामाचा मजकूर मला दुसरा माहीत नाही. त्यात स्पष्ट म्हटलंय की लग्न किंवा याजकपद यांसारखी न बदलणारी निवड झाली असेल, तर तिच्यावर पुन्हा निवड नाही. ती घाईत किंवा चुकीच्या हेतूने झाली असेल, तर पश्चात्ताप करावा आणि तीच अवस्था नीट जगावी. दोन मुलांचा बाप 'मला फादर व्हायचं होतं' म्हणून घरातून मन काढून घेत असेल, तर त्याला पारख म्हणता येत नाही. कॅथलिक विवाहित पुरुषासाठी कायम डीकनपदाची, म्हणजे याजकाच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेवकाची, वाट आहे. पण त्यासाठी वयाची ३५ वर्षं पूर्ण हवीत आणि पत्नीची संमती हवी. दुसरी अट नावापुरती समजू नका.

उरतात त्या दोन चांगल्या गोष्टींमधल्या निवडी. तिथे प्रश्न एका वाक्यात, कागदावर, तारखेसकट लिहायचा. 'प्रभू, माझ्या आयुष्याचं काय?' याची पारख करता येत नाही. 'येत्या जूनमध्ये नोकरी सोडून तीन वर्षांच्या बायबल कोर्सला जावं, की नोकरीत राहून युवक संघाची जबाबदारी घ्यावी?' याची येते. लिहून झाल्यावर दोन्ही बाजू पुन्हा वाचा. एक बाजू मोठ्या उत्साहाने आणि दुसरी शिक्षेसारखी लिहिली असेल, तर उत्तर आधीच ठरवून प्रश्न मांडलाय. पुन्हा लिहा.

रोजचा अर्धा तास

हे काम एका रात्रीच्या जागरण-प्रार्थनेत उरकत नाही. रोज थोडा वेळ, किमान तीन-चार महिने, असा हिशेब धरा. सकाळी वीस मिनिटं आणि रात्री दहा-बारा मिनिटं पुरतात.

सकाळी शुभवर्तमानातला एकच उतारा, आठ ते बारा ओव्यांचा. पहिली दोन-तीन मिनिटं फक्त बसायचं, मागण्यांची यादी काढायची नाही. उतारा दोनदा सावकाश वाचायचा. एखादा शब्द किंवा कृती मनाला धरते, तिथे थांबायचं, पुढे पळायचं नाही. मग त्याबद्दल येशूशी साध्या मराठीत बोलायचं, प्रार्थनेची ठेवणीतली भाषा नको. शेवटची चार-पाच मिनिटं गप्प. उठताना वहीत दोन ओळी. काही मनाला लागलं असेल, तर दुसऱ्या दिवशी तोच उतारा घ्या. इग्नेशियस या पुनरावृत्तीवर फार भर देतात. रोज दोन अध्याय संपवण्याची सवय असणाऱ्यांना हे जड जातं, कारण 'आज वाचन झालं' हे समाधान त्यात मिळत नाही.

रात्री दिवसाचा आढावा. आधी दिवसातल्या ठरावीक गोष्टींसाठी आभार. मग, दिवस तुझ्या नजरेने दिसू दे, अशी मागणी. त्यानंतर सकाळपासून तासातासाने मागे वळून पाहायचं : मन कुठे मोकळं झालं, कुठे आखडलं. मग क्षमा, आणि उद्याच्या एखाद्या नेमक्या गोष्टीसाठी कृपा. यात तिसरी पायरी सगळ्यात लांब असावी. बरेच जण चौथीवरच बसून राहतात आणि आढाव्याची रोजची स्वतःला झोडपण्याची वेळ होते, मग पंधरा दिवसांत सुटतो.

जागा ही आपल्याकडची खरी अडचण. वन बीएचकेत पाच माणसं, हॉलमध्ये मालिका, गच्चीला सोसायटीचं कुलूप. मिस्सा संपल्यावर तलावपाळीच्या सेंट जॉन द बॅप्टिस्टमध्ये किंवा वाशीच्या सेक्रेड हार्टमध्ये मागच्या बाकावर थोडा वेळ बसलं, तर कोणी उठवत नाही. रात्रीचा आढावा लोकलमध्येही होतो. ठाणे-वाशी प्रवासाला साधारण अर्धा तास लागतो, घणसोलीपर्यंत सकाळचे तास आणि सानपाड्यापर्यंत दुपारनंतरचे, उभ्यानेही जमतं. कानात इअरफोन घाला, गाणं लावू नका. कोणी बोलायला येत नाही. रात्रपाळीवाल्यांनी पहाटे चारला डेस्कवर काही ठरवायला बसू नये. घरी येऊन, आंघोळ करून, झोपण्यापूर्वी आढावा घ्यावा.

वही कागदाची हवी. फोनमध्ये लिहायला गेलं की वरून मेसेज टपकतो. दर नोंदीत तारीख, प्रार्थनेत काय झालं, हाकेबद्दल काय वाटलं, तासाभराने काय वाटत होतं, आणि आदल्या रात्री किती झोप झाली होती. शेवटची नोंद पाहून लोक हसतात. दोन महिन्यांनी वही चाळताना तीच सगळ्यात जास्त बोलते.

नंतर काय उरतं

२० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या लढाईत इग्नेशियस यांच्या पायावर तोफेचा गोळा बसला. लोयोलाच्या घरी महिनोन् महिने पडून राहावं लागलं. वाचायला वीरकथा हव्या होत्या, मिळालं ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. मग दिवास्वप्नं दोन तऱ्हेची पडू लागली. एकात राजघराण्यातल्या स्त्रीसाठी पराक्रम, दुसऱ्यात संतांसारखं खडतर जगणं. स्वप्नं चालू असताना दोन्ही तितकीच गोड. फरक नंतर कळला : पहिलं ओसरलं की मन कोरडं आणि नाराज, दुसरं ओसरल्यावरही आनंद टिकलेला. पारखेच्या सगळ्या नियमांचं मूळ या एका निरीक्षणात आहे.

म्हणून भावना किती जोरात आली हे मोजू नका. कन्व्हेन्शनमध्ये वाद्यवृंद टिपेला असताना रडू आलं, याने अजून काही सिद्ध होत नाही. ती भावना मंगळवारी, मेगाब्लॉकच्या रविवारी, पगार उशिरा झालेल्या आठवड्यात कशी दिसते ते वहीत येऊ द्या. इग्नेशियस यांनी दिलेला दाखला असा की, देवाकडे निघालेल्या माणसाच्या मनात चांगला आत्मा स्पंजात पाण्याचा थेंब शिरावा तसा येतो आणि वाईट आत्मा दगडावर थेंब आपटावा तसा. आवाज, धडपड, 'आत्ताच, आजच, नाहीतर संधी गेली' असा रेटा जाणवला की सावध व्हायचं.

इग्नेशियस यांच्या भाषेत मन देवाकडे ओढलं जाणं म्हणजे सांत्वन आणि कोरडं पडणं म्हणजे शुष्कता. पण सांत्वन म्हणजे खूश असणं आणि शुष्कता म्हणजे दुःखी असणं, असं समीकरण मांडू नका. स्वतःच्या पापाबद्दल आलेलं रडू सांत्वनाचं असू शकतं, कारण त्यातून श्रद्धा, आशा, प्रीती वाढते. उलट मजेत दिवस गेला आणि प्रार्थनेचा कंटाळा आला, तर ती उतरण असू शकते. गलतीकरांस ५:२२-२३ मधली नऊ फळं इथे मोजपट्टी म्हणून वापरता येतात. पूर्णवेळ सेवेच्या विचाराने मनात प्रीती, शांती, सहनशीलता वाढतेय का? की ऑफिसातल्या सहकाऱ्यांबद्दल तुच्छता वाढलीय, आईच्या औषधांची वेळ चुकतेय, बायकोशी खटके उडतायत? विचार सुरुवातीला पवित्र दिसतो आणि शेवट असा होतो, तेव्हा धागा मागे मागे धरत जायचं आणि तो नेमका कुठे वळला ते शोधायचं. बहुतेक वेळा वळण सापडतं तिथे 'लोक बघतील', 'मी इतरांसारखा नाही' असलं काहीतरी बसलेलं असतं.

इग्नेशियस यांच्या पारखेच्या नियमांतला पाचवा भिंतीवर लावण्यासारखा आहे : शुष्कतेच्या काळात आधीचा निर्णय बदलायचा नाही. मन बसलेलं असताना आपल्याला सल्ला देणारा देवाचा आत्मा नसतो. अशा दिवसांत ठरलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्तच बसायचं. शुष्कतेची तीन कारणं इग्नेशियस देतात. आपण स्वतः आळस केला, देव आपली परीक्षा पाहतोय, किंवा सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं. पहिलं कारण आधी तपासा, ते स्वस्तात दुरुस्त होतं. आणि त्याहूनही आधी शरीर : झोप, हिमोग्लोबिन, थायरॉईड. शरीर थकलेलं असताना कोरडेपणाचा आध्यात्मिक अर्थ लावू नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'याला ठाण्याला पाठवा' या, इथल्या मनोरुग्णालयावरून होणाऱ्या विनोदाने आपल्या भागात बऱ्याच लोकांना वेळेवर डॉक्टरकडे जाऊ दिलेलं नाही. बाहेरून यावा तसा आवाज सतत ऐकू येतो, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतो, चार-चार रात्री झोप लागत नाही तरी थकवा वाटत नाही, आपणच निवडलेले आहोत आणि बाकी सगळे शत्रू आहेत असं वाटतं, किंवा आठवडेच्या आठवडे काहीच नकोसं होतं. अशा वेळी पारख बाजूला ठेवायची आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटायचं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. उपचार घेतल्याने खरी हाक पुसली जात नाही. तब्येत ठीक झाल्यावर ती उरली, तर तेव्हा बघता येतं. 'औषधं सोड, विश्वास ठेव' म्हणणाऱ्याचा सल्ला या एका कारणासाठी कायमचा बंद करावा.

झटपट उत्तरं

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओवी घ्यायची, ही पद्धत अजून चालते. 'त्याने जाऊन गळफास घेतला' ही ओवीही बायबलमध्येच आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. वर्षअखेरच्या उपासनेत मिळणारं वचनाचं कार्ड प्रोत्साहन म्हणून चांगलं; नोकरी सोडण्याचा आधार म्हणून नाही. ओवी बरोबर उद्धृत केली म्हणून ती देवाकडून आली असंही नाही. मत्तय ४ मध्ये सैतान ९१वं स्तोत्रच म्हणून दाखवतो.

गिदोनाने खळ्यात लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली, ती गोष्ट सगळ्यांना आवडते. 'अमुक तारखेपर्यंत फोन आला तर हो.' शास्ते ६ नीट वाचलं तर दिसतं की गिदोनाला काय करायचं ते आधीच सांगितलं होतं आणि तो स्वतः तसं म्हणतोही. लोकर त्याच्या भीतीची गोष्ट आहे. देवाने ती चालवून घेतली, हा देवाचा धीर.

सगळ्यात जास्त त्रास 'प्रभूने मला दाखवलंय की तू...' या वाक्याने होतो. दुसऱ्याच्या लग्नाबद्दल, पैशाबद्दल, नोकरीबद्दल कोणी असं बोललं तर शांतपणे तीन गोष्टी पाहा. हे तुमच्या स्वतःच्या प्रार्थनेत आधीपासून येतंय का? बोलणाऱ्याचा यात काही फायदा आहे का? आणि 'कोणाला सांगू नकोस' अशी अट आहे का? तिसऱ्याचं उत्तर हो असेल, तर पहिली दोन पाहायचीही गरज नाही. इग्नेशियस यांच्या तेराव्या नियमात लिहिलंय की शत्रूला सगळ्यात जास्त भीती गुपित उघड होण्याची असते.

निवड प्रत्यक्ष कशी करायची

प्रार्थनेच्या बरोबरीने माहिती गोळा करणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही. लूक १४:२८ मधला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. घराच्या कर्जाचा हप्ता किती, किती वर्षं उरलीत, आई-बाबांचा विमा आहे का, धाकट्याचं शिक्षण कोण करणार. कॅथलिक संघांच्या बाबतीत हा नुसता व्यवहार नाही, नियमच आहे : फेडता न येणाऱ्या कर्जाखाली असलेल्या व्यक्तीला प्रवेश देऊ नये, असं चर्चचा कायदा सांगतो. बायबल कॉलेजला जाणाऱ्यांनी फी भरण्यापूर्वी पदवी कोणत्या संस्थेची आहे आणि आपली मंडळी ती धरते का, ते पाळकांना विचारून घ्यावं. कोणाच्याही नावाने दोन खोल्यांत चालणारे 'थिऑलॉजी'चे वर्ग आपल्याकडे कमी नाहीत.

मग चार याद्या. जाण्याचे लाभ, जाण्याचे तोटे, राहण्याचे लाभ, राहण्याचे तोटे. मोजमाप एकच : यातून देवाची सेवा आणि माझ्या आत्म्याचं भलं किती होतं. चारही याद्या एका बैठकीत लिहू नका, नाहीतर त्या दिवसाचा मूड चारही ठिकाणी उतरतो. दिवसाला एक. नंतर प्रत्येक मुद्द्यापुढे खरं कारण लिहा, आणि 'लोक काय म्हणतील' यातून आलेले मुद्दे खोडा. मुद्दे मोजायचे नाहीत, तोलायचे. एका बाजूला अकरा किरकोळ आणि दुसरीकडे दोन वजनदार असू शकतात.

अडकलात तर इग्नेशियस यांचे दोन उपाय आहेत. ज्याला कधी पाहिलेलं नाही असा माणूस हाच प्रश्न घेऊन आला, तर त्याच्या भल्यासाठी काय सांगाल ते लिहा. आणि मरणाच्या घटकेला कोणता निर्णय घेतलेला असावा असं वाटेल, ते पाहा. पहिला उपाय विशेष चालतो. दुसऱ्याला सल्ला देताना आपण फार शहाणे असतो.

यानंतर एक आठवडा 'मी जाणार' असं धरून आणि दुसरा आठवडा 'मी राहणार' असं धरून जगायचं. मार्गदर्शकाशिवाय कोणाला सांगायचं नाही, राजीनामा लिहायचा नाही, फक्त वही भरायची. भीती आणि अस्वस्थता यांत फरक करा. भीतीला विषय असतो : पैसे, इंग्रजी, घरच्यांचं रडणं. विषय सुटला की ती ओसरते. अस्वस्थतेला विषय नसतो, ती सगळ्या दिवसावर पसरते. मोशेने निर्गम ३-४ मध्ये एकामागून एक सबबी सांगितल्या. त्या भीतीच्या होत्या, आणि देवाने एकेकीचं उत्तर दिलं.

एली कोण?

मार्गदर्शक निवडताना पहिली चाळणी : तुमच्या हो किंवा नाही म्हणण्याने ज्याचा फायदा-तोटा होतो, तो नको. युवक संघाला माणूस हवाच आहे असे पाळक कितीही भले असले, तरी याबाबतीत दुसऱ्या चर्चमधल्या कोणाकडे जावं. मार्गदर्शक याजकच असला पाहिजे असं नाही. अनुभवी सिस्टर, निवृत्त पाळक, प्रार्थनेत मुरलेली एखादी विवाहित बाई, कोणीही चालतं. महिन्यातून एकदा, पाऊण तास. जाताना वही न्यायची आणि महिन्याच्या नोंदींमधून तीन-चार निवडून वाचायच्या. गप्पा मारायला बसलं तर वेळ चर्चच्या राजकारणात जातो. भेट ऑफिसात किंवा लोकांच्या नजरेत असेल अशा जागी असावी, विशेषतः मुलींच्या बाबतीत, आणि घरी ते माहीत असावं.

चांगला मार्गदर्शक ओळखायची खूण इग्नेशियस यांच्याच सूचनांमध्ये आहे : त्याने व्रताकडे किंवा विशिष्ट जीवनमार्गाकडे ढकलायचं नाही, आणि उलटही ढकलायचं नाही. देवाला त्या माणसाशी थेट व्यवहार करू द्यायचा. उत्साहाच्या भरात कोणी शपथ घ्यायला निघालं, तर त्याला थांबवणं मात्र त्याचं काम आहे.

घरच्यांचं काय? आई-बाबांचा विरोध ही देवाची 'नाही' नव्हे, आणि 'येशूनेच म्हटलंय घरदार सोडा' म्हणून त्यांना उडवून लावणं हाही पुरावा नव्हे. त्यांच्या विरोधात बऱ्याचदा आपल्याला न दिसलेली माहिती असते. "आई, मी ठरवलंय" याऐवजी "आई, माझ्या मनात असं येतंय, तुला माझ्यात काय दिसतं?" असं विचारलं, तर उत्तर वेगळं येतं. नवरा-बायकोत तर एकाची हाक दुसऱ्यावर लादता येत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या वर्षांत ताटातूट, हाल, अश्रू सगळं होतं. पण लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी. जोडप्याने दोन वेगळ्या वह्या ठेवाव्यात, महिन्यातून एकदा एकमेकांना वाचून दाखवाव्यात, आणि दोघांचं एक होत नाही तोवर फ्लॅटची जाहिरात देऊ नये.

होकारानंतर

मदर तेरेसांना दार्जिलिंगच्या गाडीत हाक आली ती १० सप्टेंबर १९४६ रोजी. आध्यात्मिक मार्गदर्शक आणि आर्चबिशप दोघांनीही थांबायला लावलं. लॉरेटो कॉन्व्हेंट त्यांनी सोडलं १७ ऑगस्ट १९४८ रोजी, मग पाटण्याला रुग्णसेवेचं प्रशिक्षण घेतलं, आणि त्यांच्या संघाला रीतसर मान्यता मिळाली ७ ऑक्टोबर १९५० रोजी. चार वर्षं. इतक्या स्पष्ट हाकेला एवढा वेळ लागला, तर आपल्याला सहा महिने थांबायला हरकत नसावी. त्यानंतर त्यांच्या प्रार्थनेत आलेला दीर्घ काळोख तर सर्वश्रुत आहे. हाक खरी असल्याने वाट उजेडाची होते, असं नाही.

चर्चची रचनाही सावकाशीची आहे. धार्मिक संघात नवदीक्षा (व्रतांआधीचा उमेदवारीचा काळ) किमान १२ महिन्यांची, नंतर तात्पुरती व्रतं साधारण तीन ते सहा वर्षं, आणि मग कायमची. याजकदीक्षेसाठी वय किमान २५. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजूंना 'नाही' म्हणायची मुभा असते. म्हणून पहिलं पाऊल छोटं ठेवा. अर्ज भरण्यापूर्वी सुट्टीत आठवडाभर त्या घरी राहून या. संडे स्कूलसाठी विचारलं असेल, तर वर्षाचा नाही, एका सत्राचा होकार द्या. आणि राहण्याचा निर्णय झाला असेल, तर तोही होकारच आहे. १ करिंथ ७ मध्ये पौल ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं त्या स्थितीत राहायला सांगतो. तुर्भ्याच्या गोदामात प्रामाणिक हिशेब ठेवणं ही दुय्यम दर्जाची हाक नव्हे.

वाट बदलते, हेही गृहीत धरा. पौलाला बिथुनियाला जायचं होतं, आत्म्याने जाऊ दिलं नाही. स्वप्नात मासेदोनियाचा पुरुष 'ये' म्हणाला आणि फिलिप्पैला पोचल्यावर वचन स्वीकारणारी पहिली भेटली ती लुदिया, थुवतीराची, म्हणजे जिथे बोलायला आधी मनाई झाली होती त्याच आशिया प्रांतातली. आपल्या ठाण्याचंच पाहा. १३२१ मध्ये इथे मारले गेलेले चार फ्रान्सिस्कन ठाण्याला यायला निघालेच नव्हते. ओर्मुझहून कोल्लमला जायचं ठरलं होतं, जहाजाने त्यांना इथे आणलं.

इग्नेशियस यांनाही जन्मभर येरुशलेमेत राहायचं होतं. १५२३ मध्ये पोचले, तिथल्या फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी परत पाठवलं. परत येऊन ते तिशी उलटल्यावर बार्सिलोनात लॅटिन व्याकरण शिकायला बसले. येशूसंघाला मान्यता मिळायला १५४० उजाडलं.

सेमिनरीतून किंवा कॉन्व्हेंटमधून परत आलेल्या मुलामुलींशी आपले धर्मग्राम (पॅरिश) जसे वागतात, ते पाहता ही माहिती उपयोगी पडावी. चर्चच्या फाटकात "का गं सोडलंस?" विचारू नका. घरच्यांनी नातेवाइकांना एकच छोटं वाक्य ठरवून द्यावं, 'तिथे राहून नीट विचार केला, आता इथे आहे', आणि त्यावर फाटे फोडू देऊ नयेत. मधल्या वर्षांची प्रमाणपत्रं, गुणपत्रिका आणि अनुभवाचं पत्र संस्थेकडून पहिल्या महिन्यातच मागून घ्यावं, कारण नोकरीच्या मुलाखतीत रिकाम्या वर्षांबद्दल विचारतात. आणि दोन-तीन महिने तरी वाचन, गायन, संडे स्कूल असं कुठलंही काम गळ्यात मारू नये.